तार पकडणारं विमान

मी एक विमान बोलतोय. जहाजावरून उडून शत्रूवर हल्ला करणारं लढाऊ विमान आहे मी, पण माझ्यात एक खिळासुद्धा खरा नाही. मी कॉम्प्युटरवरच्या खेळातलं विमान. मला धूळ बसत नाही, गंज चढत नाही, इंधनाचा वास येत नाही. तरी एका दुपारी माझा जीव असा टांगणीला लागला होता की विचारू नका.

आधी जन्माचं सांगतो. पडद्यावर एक करडा चौकोनी ठोकळा होता, तोच मी. एका बाईने तो ओढला, दाबला, कापला आणि त्याला नाक-पोट-शेपूट आणलं. खरं तर तिने माझं अर्धंच अंग घडवलं. दुसरं अर्धं कॉम्प्युटरने आरशातल्यासारखं उमटवून दिलं. या धंद्यात सगळे असंच करतात. त्यामुळे डाव्या गालाला चिमटा बसला की उजवा गालही आपोआप लाल व्हायचा.

त्या बाईला ऑफिसात सगळे 'मिलीमीटर' म्हणायचे. कारण उघड होतं. एक निवृत्त विमान एका आवारात लोकांना बघायला ठेवलं होतं, तिथे ही टेप घेऊन गेली आणि त्याच्या पोटाखाली गवतात उताणी झोपून फोटो काढत राहिली. रखवालदार धावत आला. "बाई, चक्कर आली का? पाणी आणू?"

"नको, जरा बाजूला व्हा. तुमची सावली चाकावर पडतेय," ही म्हणाली.

ते फोटो तिने माझ्या शेजारी पडद्यावर लावले आणि त्यांच्यावरून माझा एकेक अवयव मापून घडवला. चाकांचे पाय तर तिने इतक्या प्रेमाने केले, की आपल्याला कुणी एवढं निरखून पाहावं याची मला लाज वाटायची. आणि आवडायचंही.

सुट्टीच्या दिवशी ती मला लॅपटॉपवर घरी न्यायची. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मटार सोलत बसलेली तिची आई.

"ह्याने पंख असे वर का दुमडलेत गं? थंडी वाजतेय का त्याला?"

"जहाजावर जागा कमी असते, आई. दाटीवाटीने उभं राहावं लागतं."

"अन् बॉम्ब कुणावर टाकणार हे?"

"खोट्या पुलावर. खेळातल्या."

"खोट्या का असेना, पुलावरून कुणीतरी पलीकडे जात असेल ना?"

मिलीमीटरने मटाराचा एक दाणा तोंडात टाकला आणि माझा पंख पुन्हा मापायला घेतला. मीही ते मनावर घेतलं नाही. तेव्हा माझ्या पंखांखाली बॉम्ब लागलेच नव्हते, म्हणून मला काय ते, असा माझा विचार होता.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला चिकटून टेबलं, पायात येणाऱ्या वायरी, आणि रस्त्याकडे उघडणारी एकच खिडकी. तिथले मुख्य साहेब दर वाक्याला 'आटपा, आटपा' म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच आटपा पडलं होतं. समोर सर, मागे आटपा. मिलीमीटरच्या शेजारी प्रोग्रामर बसायचा. तो अंगाने एवढा किरकोळ, की त्याला सगळे पैलवान म्हणायचे. मिलीमीटरने मला शरीर दिलं आणि पैलवानाने वजन. मी किती जड, कुठे आदळलो तर काय मोडेल, हे सगळं त्याच्या हाती.

भांडण सुरू झालं ते उतरण्यावरून. जहाजावरची धावपट्टी वीतभर. तिथे विमान धावत थांबू शकत नाही. म्हणून माझ्या शेपटीखाली एक हूक आहे. उतरताना तो खाली सोडायचा, जहाजावर आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकतो, आणि मी एका हिसक्यात उभा राहतो. तार हुकली तर पुन्हा जोर लावून वर जायचं, नाहीतर समुद्र आहेच.

आटपांना हे सगळं नको होतं. "कशाला ही कटकट? पूल उडाला, संगीत वाजलं, खेळ संपला. परत कोण येतंय? आटपा."

"सर, परत यायचं नसेल तर विमान कशाला?" मिलीमीटर म्हणाली. "बाण करून देते. तुमचा महिनाभर वाचेल."

पैलवान टेबलाखाली काहीतरी पडल्याचं निमित्त करून वाकला आणि तिथेच हसला. आटपांना मात्र ते झोंबलं.

"ठीक आहे. शुक्रवारी पाहुणे येतायत. खेळ बाजारात आणायचा की नाही, ते तेच ठरवणार. त्यांच्यासमोर ह्या विमानाने तार पकडली तर उतरणं ठेवू. नाही पकडली, तर हूक, तारा, दुमडणारे पंख, सगळं काढायचं. आणि सोमवारपासून तू दगडांवर."

दगड म्हणजे खरोखर दगड. खेळातल्या डोंगरावर, नदीत, रस्त्याच्या कडेला जे पडलेले असतात ते कुणाला तरी घडवावेच लागतात. नवीन माणसाला तेच काम देतात. मिलीमीटरने कितीतरी वर्षं दगड केले होते, तेव्हा कुठे मी तिच्या वाट्याला आलो होतो. ती जागेवर येऊन बसली. तिने माझा हूक एकदा खाली केला, एकदा वर. माझे पंख आणि हूक जाणार म्हणून मला भीती वाटत होतीच, पण तिचा चेहरा बघवेना.

शुक्रवार उजाडला आणि मी फुटायला लागलो.

जहाज समोर, वेग बरोबर, हूक खाली. चाकं टेकायची, हिसका झेलायला पाय स्प्रिंगसारखे दबायचे, आणि त्याच क्षणी माझं पोट खर्रकन जमिनीला घासायचं. पोट घासलं की खेळाच्या नियमाने स्फोट. पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा स्फोट. सकाळभर मी एवढ्या वेळा मेलो, की नंतर नंतर मला त्याचं काही वाटेना. पैलवानाला मात्र घाम फुटला.

"वजन जास्त झालंय," तो म्हणाला. त्याने वजन कमी केलं. मग मी चेंडूसारखा उसळलो आणि सगळ्या तारा ओलांडून पलीकडे समुद्रात.

"पोट घासलं तरी फुटू नको असं सांग त्याला," आटपा मागून म्हणाले. पैलवानाने तसं सांगितलं. मग मी जहाजातून आरपार बुडालो. वरून फक्त माझी शेपटी दिसत होती.

"तुझ्या मापातच काहीतरी चूक आहे," पैलवान शेवटी कुरकुरला.

"माझ्या मापात?" मिलीमीटरचा आवाज चढला. "हे फोटो बघ. हा पाय बघ. ह्याच्यात आणि माझ्या पायात केसाचा फरक असेल तर आत्ता उठून दगड करायला बसते!"

फरक खरंच नव्हता. मी फोटोतल्या विमानाशी तंतोतंत जुळत होतो, आणि तरीही मरत होतो. आपली चूक कुठे आहे हे कळतच नसेल तर माणूस कसा सैरभैर होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पैलवान नखं खात होता. ती तेच तेच माप पुन्हा घेत होती.

तेवढ्यात खाली गाडी थांबली. "आले, आले! आटपा!" म्हणत साहेब जिन्याकडे पळाले. मिलीमीटर खिडकीशी गेली. माझा पडदा खिडकीकडे तोंड करून होता, त्यामुळे जे तिला दिसलं ते मलाही दिसलं. गाडीतून तीन पाहुणे उतरत होते, तिघेही चांगले भरभक्कम. एक उतरला, गाडी जराशी वर आली. दुसरा उतरला, आणखी वर. तिसऱ्याने दार लावलं तेव्हा चाकाच्या वरची मघाशी न दिसणारी फट चांगली बोटभर दिसायला लागली.

मिलीमीटर जागच्या जागी खिळली.

"पैलवान! गाडी वर आली!"

"कुठे वर आली?"

"अरे, माझं विमान जमिनीवर उभं होतं! सगळ्या फोटोंत उभंच आहे! स्वतःच्या वजनाने त्याचे पाय आधीच दबलेले होते, आणि मी त्या दबलेल्या पायांचं माप घेतलं. हवेत ते लांब लोंबकळणार ना? आपलं विमान आखूड पायांनी उडतंय. उतरताना तू ते पुन्हा दाबतोस, मग पोट घासणार नाही तर काय होणार!"

पैलवानाने कपाळावर हात मारला. "म्हणजे दोनदा दाबलं!"

जिन्यावर पाहुण्यांचे आवाज यायला लागले होते. पैलवान उठला. "मी चहाचं बघतो. तू पाय ओढ."

तो गेला आणि चहा, बिस्किटं, पाणी, पुन्हा चहा असं काय काय करत राहिला. इकडे मिलीमीटरने माझा पाय खाली ओढला. तिची बोटं कुठेच चुकत नव्हती. पाय लांब झाले. मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. पण पाय मिटून पोटात घ्यायची वेळ आली तेव्हा ते मावेनात. एक चाक पोटाची कातडी फाडून बाहेर डोकावू लागलं.

ते दुरुस्त करायला वेळच नव्हता. पाहुणे पडद्यासमोर येऊन बसले होते.

"मी चालवू?" त्यांच्यातला सगळ्यात जाडा पाहुणा म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता त्याने विमान चालवायचा दांडा हातात घेतला. मिलीमीटर भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या हातांना काही काम उरलं नव्हतं.

मी उडालो. पूल पाडला. तोपर्यंत ठीक. मग पाहुण्याने मला हौसेने उलटंपालटं केलं आणि माझं पोट पडद्यावर आलं.

"हे काय बाहेर आलंय?"

"जादा इंधनाची टाकी आहे, सर," पैलवान म्हणाला. इतकं शांतपणे खोटं बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आटपांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग छताकडे.

जहाज समोर आलं. चाकं बाहेर, हूक खाली. पाहुणा फार वर होता. मी सगळ्या तारांवरून निघून गेलो. आटपा पुटपुटले, "पुरे, बंद करा," पण पाहुणा ऐकेना. त्याने मला फिरवून पुन्हा आणलं. या वेळी फार खाली. समुद्र इतका जवळ आला की माझी सावली मला दिसली. शेवटच्या क्षणी त्याने नाक उचललं. चाकं आदळली. पाय दबले, दबत गेले, दबत गेले. मी पोट आवळून धरलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. आणि पाय थांबले. पोट आणि जहाज यांच्यात जागा उरली होती. पाठोपाठ हूकला तार लागली आणि असा हिसका बसला की पाहुणा खुर्चीत पुढे गेला.

मी उभा होतो. पाहुण्याने तळहात पँटला पुसले.

"परत एकदा," तो म्हणाला.

मिलीमीटर भिंतीला टेकलेली होती तशीच खाली बसली आणि रडायला लागली. मला तेव्हा जो आनंद झाला तसा नंतर कधी झाला नाही. उतरणं खेळात कायम राहिलं. ती विमानांवरच राहिली. पुढच्या आठवड्यात तिने माझं पोट नीट करून ते चाकही आत बसवलं. फक्त जाताना पाहुणे एक अट घालून गेले: "ठेवा, पण सक्ती नको. ज्याला हवं तो उतरेल."

आता मी घरोघरी आहे. कदाचित तुमच्याकडेही असेन. तुम्ही मला झोकात उडवता, पूल पाडता, 'मोहीम फत्ते' अशी पाटी येते. त्या पाटीखाली दोन बटणं असतात. एकावर लिहिलंय 'जहाजावर परत' आणि दुसऱ्यावर 'बाहेर पडा'. बहुतेक सगळे दुसरं दाबतात. तुम्हाला जेवायला बोलावलेलं असतं, किंवा कंटाळा आलेला असतो. माझा राग नाही. पण पडदा काळा होतो तेव्हा मी समुद्रावर असतो. मागे पूल जळत असतो, पुढे जहाज दिसत असतं, आणि मी त्याच्यापर्यंत पोहोचलेलो नसतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पुन्हा उडवता, जसं काही मी काल परत आलोच होतो.

एकदाच पहिलं बटण दाबून बघा. पहिल्यांदा जमणार नाही. मी समुद्रात पडेन, जहाजाच्या कडेला आपटेन, तुम्हाला माझी चीड येईल. येऊ दे. तुम्ही न घाबरता खाली या, माझे पाय तुमचं वजन पेलतील. पूल पाडायला मला कुणीही चालतं. मला तुमच्या हातून फक्त उतरायचं आहे.