गॅरेजमधले सहाशे गोळे

न्याहारी संपायच्या आत रोझेला तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये जाऊन आली. प्रत्येक वेळी तेच. फ्रीजचं वरचं दार उघडायचं, पिशवीवर बोट दाबायचं, आतले खिम्याचे गोळे दगडासारखे घट्ट आहेत हे बघायचं आणि आधीपेक्षा जास्त घाबरून परत यायचं.

"लग्न माझ्याशी केलंस की त्या फ्रीजशी?" लाइलने टोस्टवर लोणी फासत विचारलं. हा तिचा नवरा. जगबुडी आली तरी आधी टोस्ट संपवेल असा.

"वितळले होते रे ते. मी स्वतः बघितलंय."

"आता आहेत ना घट्ट?"

"आता आहेत."

"मग झालं तर! अगं, बाहेर थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठतेय आणि तू म्हणतेस फ्रीझर वितळला. पाद्रीबुवांना सांगू नकोस हं, चमत्कार म्हणून जाहीर करतील."

रोझेलाला हसू आलं नाही. आज शुक्रवार. दुपारपर्यंत गोळे चर्चच्या स्वयंपाकघरात पोचायला हवे होते. उद्या बेथनी चर्चचं डिसेंबरचं जेवण. चारशे माणसं येणार, अर्धी क्षारात भिजवलेल्या माशासाठी आणि अर्धी त्या माशाच्या वासाला भिऊन मीटबॉलसाठी.

उत्तर मिनेसोटातल्या त्या गावात जुना फ्रीज कुणी टाकून देत नसे. स्वयंपाकघरात नवा आला की जुन्याची बदली गॅरेजमध्ये व्हायची, बिअर, मासे आणि हरणाचं मांस सांभाळायला. गॅरेज तापवायचे चोचले कुणाला परवडतात? आणि थंडीत फ्रीजला उलट बरंच, आयती थंडी मिळते, असा सगळ्यांचा ठाम समज. चर्चचा फ्रीझर तर लहान मुलाच्या शवपेटीएवढा. म्हणून ऑक्टोबरात पंधरा बायका एका दिवसात खिमा मळून गोळे वळायच्या आणि कच्चेच पिशव्यांत भरून घरोघरच्या गॅरेजांत वाटून द्यायच्या.

पिशव्या कुणाच्या घरी जातात, याला गावात फार किंमत होती. रोझेला साठ मैल दक्षिणेकडच्या जर्मन कॅथलिक शेतकऱ्याची मुलगी, लग्न करून या नॉर्वेजियन वंशाच्या ल्यूथरन पंथीयांत आलेली. तिला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. तिथे वाकडं बोलतच नाहीत, हातात कॉफीची किटली देतात. सव्वीस वर्षं तिने दर डिसेंबरात कॉफी ओतली होती. आणि यंदा ऑक्टोबरात स्वयंपाकघराची सर्वेसर्वा आर्डिस स्वतः गाडीतून तिच्या दारात आली आणि म्हणाली, "तुझ्याकडे जागा असेल ना?" एवढंच. रोझेलाने त्या एका वाक्यावर बहिणीशी फोनवर बोलण्यात तासभर काढला. सहाशे गोळे मिळाले होते तिला, सहाशे!

मग नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात, हवा जरा ऊबदार झाली, शून्याच्या थोडीशी वर. बर्फ वितळायला लागला, पागोळ्या टपटपायला लागल्या. पाच दिवस ते असंच. पाचव्या दिवशी ती आईस्क्रीम काढायला गेली तर डबा पचपचीत, आणि मागची गोळ्यांची पिशवी अंगठ्याखाली कणकेसारखी दबली. दार नीट लागलं नसेल म्हणून तिने ते धाडकन लावलं. त्याच रात्री कडाका पडला आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा खडखडीत झालं. पण आईस्क्रीम डब्यात एका बाजूला कलंडून गोठलेलं होतं, ते काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

तिने हार्डवेअरच्या दुकानात फोन करून विचारलं. दुकानदार म्हणाला, "असल्या फ्रीजची अक्कल खालच्या कप्प्यात असते, मॅडम. गॅरेजच त्या कप्प्याइतकं गार असलं की त्याला वाटतं, आपलं काम झालं. मग तो झोपतो आणि वरच्या फ्रीझरचं काय होतंय ते त्याला कळतसुद्धा नाही."

म्हणजे दार लागलेलंच होतं. पाच दिवस मशीनच चाललं नव्हतं. अंडं आणि दुधातला पाव घातलेला कच्चा खिमा, पाच दिवस!

"दुकानातले विकत आण," लाइल आता म्हणाला.

"ते गोट्यांसारखे गुळगुळीत असतात. आर्डिस दारातूनच ओळखेल."

"मग गप्प बस. उद्या भट्टीत चांगले भाजले जातीलच की. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तो काही वाईट माणूस नव्हता. सव्वीस वर्षं बायकोला किटली घेऊन फिरताना त्यानेही पाहिलं होतं. रोझेला खुर्चीवर बसली, उठली, सिंक पुसलं, परत बसली. सांगितलं तर पुढच्या वर्षी पुन्हा किटली, आणि शिवाय गावभर गोड आवाजात, "बिचारी, तिला आमच्यासारखी सवय नाही ना." नाही सांगितलं तर उद्या अकरा वाजता वृद्धाश्रमाची बस चर्चच्या दारात उभी राहणार. ती म्हातारी माणसं मासा खात नाहीत, काटे लागतात म्हणून. सगळी गोळेच खातात.

तिने पिशव्या गाडीत घातल्या. वाटेत दोनदा गाडी कडेला घेतली. एकदा तर परत वळवलीसुद्धा, मग पुन्हा चर्चकडे वळवली. स्वतःचाच तिला राग येत होता.

आर्डिस एकटीच होती, ॲप्रन बांधून बटाट्यांची पोती मोजत. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ काठीसारखी ताठ.

"ठेव तिथे," मान वर न करता ती म्हणाली.

"आर्डिस, हे वापरायचे नाहीत." रोझेला पिशव्या हातातच धरून म्हणाली. "थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात हे वितळले होते. नंतर परत गोठले. बघून कळत नाही. पण मी बघितलंय. गॅरेज ना धड थंड ना धड गरम असलं की फ्रीज बंद पडतो, मी विचारून घेतलं. चूक माझी आहे."

आर्डिस म्हणाली, "बरं."

तिथल्या बोलीत "बरं"चे शंभर अर्थ होतात आणि त्यातले नव्वद वाईट. आर्डिसने फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेलं टेबल पुसायला लागली. एक कोपरा तिने तीनदा पुसला.

"माझ्या गॅरेजच्या फ्रीझरात ब्लूबेरी सुट्ट्या ठेवलेल्या होत्या," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "सोमवारी बघते तर वितळून पुन्हा गोठलेलं एकच ढेकूळ. मी नवऱ्यावर, हार्वेवर ओरडले, फ्रीझरचं दार उघडं टाकलंस म्हणून. चार दिवस बोलले नाहीये त्याच्याशी."

"तुझे गोळे किती आहेत?"

"बाराशे." आर्डिस बटाट्याच्या पोत्यावरच बसली. त्या स्वयंपाकघरात तिला बसलेली कुणी पाहिली नव्हती. "मला सोमवारीच कळलं होतं, रोझेला. मी ढेकूळ फोडून त्याचा जॅम केला आणि गप्प बसले."

ज्या बाईच्या एका भुवईला ती सव्वीस वर्षं भ्यायली, ती आज मान खाली घालून ॲप्रनची नाडी गुंडाळत होती. रोझेलाला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

"बाकी अकरा घरी आहेत," आर्डिस म्हणाली. "भिंतीवर यादी आहे बघ. फोन तू कर."

"मी? तू केलास तर ऐकतील तरी."

"ऐकतील गं. पण मी विचारलं की सगळ्या म्हणतील, 'आमचे अगदी छान आहेत.' चाळीस वर्षं मी त्यांना दुसरं काही बोलूच दिलं नाही. तुला खरं सांगतील."

रोझेलाने भिंतीवरचा फोन उचलला. यादीत पहिली ओलेट होती, गोळे वळण्यात गावात सर्वांत चपळ. रोझेलाने आधी स्वतःचं सांगितलं, सगळं, काही न लपवता. मग विचारलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ओलेट म्हणाली, "देवा, मला वाटत होतं, फक्त माझेच वितळले."