पाचवं घर

धोंडुबाईनं लाल-हिरवा नाडा स्वतःच्याच गळ्यात बांधला, खांद्याला झोळी अडकवली आणि भर दुपारी ती पेठेत भिक्षा मागायला निघाली.

दोन लेकरं जाऊन तिसरा कृष्णात जगला, तो तालमीत मोहरमला बसणाऱ्या पीराच्या पंजाच्या नवसानं. तेव्हापासून दर मोहरमला तो फकीर व्हायचा. गळ्यात नाडा, पाच घरची भिक्षा आणि तिचा मलिदा पंजापुढं. यंदा मोहरम आणि गणपती एकाच आठवड्यात आले होते. त्याचं तालमीला काही ओझं नव्हतं. एका कोपऱ्यात गणपती बसला असता, दुसऱ्यात पंजा. पण कृष्णातला महापालिकेला उभं राहायचं होतं, आणि कोल्हापुरात पाय रोवायला निघालेल्या सांगलीच्या साहेबांनी तिकिटाबरोबर अट घातली होती: हिंदूंच्या तालमीत पंजा बसता कामा नये. तालमीचा अध्यक्ष कृष्णातच. त्यानं पंजा ठेवलेल्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घातली.

"आई, एक साल न्हाय बसला तर काय बिघडतंय?" सकाळी तो म्हणाला होता.

"तू एक साल जेवू नगंस. मग बघू काय बिघडतंय."

चार घरच्या बायांनी तिला पसा भरभरून वाढलं. दरसाल येणारा कृष्णात कुठाय, हे एकीनंही विचारलं नाही. पण झोळीमागं माणसं जमत गेली. धोंडुबाईला भारी बरं वाटलं.

पाचवं घर तिनं स्वतःचंच धरलं. सोप्यात साहेब बसले होते, भोवती कार्यकर्ते.

"वाढा वं माय!" ती उंबऱ्याबाहेरून ओरडली.

कृष्णात मान वर करेना. साहेबांनी अनोळखी म्हातारीकडं पाहिलं, मग तिच्यामागच्या मतदारांकडं. देवाधर्माचं काम दिसतंय, एवढं त्यांनी चटकन ताडलं. घरातून जोंधळ्याचं सूप मागवलं, ओंजळभर दाणे आपल्या हातानं झोळीत घातले, शिवाय वाकून नमस्कारही केला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुठल्या देवाचं म्हणायचं हे, आजी?"

"तालमीतल्या पंजाचं. तुमी कुलूप लावाय सांगितलंसा न्हवं, त्येचं."

साहेब हात झाडत राहिले.

"आन् ह्यो माझा ल्योक. त्येच्याच जिवाचा नवस हाय. पावणं, तुमी वाढलासा, झ्याक केलंसा. पर घर ह्येचं हाय. ह्येनं वाढल्याबिगर भिक्षा पुरी न्हाय."



"कृष्णात, बसून राहा," साहेब हळूच म्हणाले. "तिकीट अजून माझ्या हातात आहे."

कृष्णात उठला. आईनं झोळीचं तोंड उघडलं. त्यानं खिशातली किल्ली काढून आत टाकली. दाण्यांवर पडल्यामुळं तिचा आवाजही झाला नाही. मग आईच्या गळ्यातला नाडा सोडून घ्यायला त्यानं हात पुढं केला.

"माझा ऱ्हाऊ दे," धोंडुबाई म्हणाली आणि तिनं कनवटीचा दुसरा नाडा काढला. "तुझा हितं हाय. वाक जरा."