ओलाव्याचा काटा

बहिणीकडे राहून गुडघ्याचा इलाज करून घेतला आणि ऑपरेटरबाई घरी परतल्या. फाटक उघडलं मात्र, त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बागेत जिकडेतिकडे काळ्या नळ्या! गुलाबाच्या बुंध्याशी नळी, टोमॅटोच्या वाफ्यात नळी, पुदिन्याच्या कुंडीतसुद्धा नळी. धडधाकट झाडांना कोणीतरी उगाच सलाइन लावून ठेवलं होतं.

"सरप्राइज!" मुलगा फोनवर आनंदाने ओरडला. तो दूरच्या शहरात नोकरीला होता आणि आईच्या घरातल्या सुधारणा तिथूनच करायचा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. "आता तुला काही करायचं नाही, आई. माती सुकली की यंत्र आपोआप पाणी सोडणार, ओली असली की गप्प बसणार. आणि मला सगळं इथे मोबाईलवर दिसतं."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

नसत्याच म्हणाल्या. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून तर बाईंचा राग दुप्पट झाला.

बाईंनी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ, आणि कोण कुठली माणसं एकमेकांशी जोडून द्यायची. घरच्यांखेरीज सगळे त्यांना अजून ऑपरेटरबाईच म्हणत. नवरा गेल्यावर घरात बोलायला उरली ती बाग. सकाळी चहाच्या आधी त्या पाइप घेऊन बाहेर पडायच्या आणि पाणी घालता घालता प्रत्येकाला चार शब्द सुनवायच्या. गुलाबाला म्हणायच्या, नखरे कमी कर. टोमॅटोला म्हणायच्या, खातोस किती आणि देतोस किती. पाणी घालून आत आल्या की मुलाचा फोन यायचा. "उठलीस? पाणी घातलंस?" बस, एवढंच बोलणं. पण त्यावर बाईंचा अख्खा दिवस निघायचा.

यंत्र समजावून द्यायला फिटर आला. मातीत खुपसलेला दोन दातांचा एक काटा दाखवून म्हणाला, "आजी, हा मातीचा ओलावा मोजतो. सगळ्या यंत्राचा मेंदू आहे हा."

"आजी कोणाला म्हणतोस? आणि माझा मेंदू काय भंगारात काढलाय?"

फिटरने हत्यारं गोळा केली आणि चहाला न थांबता निघून गेला.

मेंदू मोठा आगाऊ निघाला. बाई उठायच्या आतच तो पाणी सोडून मोकळा व्हायचा. त्या पाइप घेऊन बाहेर याव्यात, तर माती ओलीचिंब. स्वतःच्या बागेत पाहुण्यासारखं उभं राहायचं आणि परत आत जायचं. त्यातच मुलाचा सकाळचा फोन बंद झाला. आधी बाईंना वाटलं, कामात असेल. मग वाटलं, बरं नसेल, तर सुनेने स्टेटसवर दोघांचे हसरे फोटो टाकले. मग मात्र बाईंचं डोकं फिरलं. फोन करायला याची बोटं झिजतात का? आपण फोन लावायचा प्रश्नच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आता पोटच्या पोराला फोन लावून 'अरे, मला फोन कर' म्हणायचं? मेले तरी म्हणणार नाही, असं त्या गुलाबाला बजावून सांगत.

सगळा राग शेवटी त्या काट्यावर निघाला. एका सकाळी त्यांनी तो मातीतून उपटला, वायर ओढत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आणली, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर पाण्याने भरलेला काचेचा ग्लास ठेवला आणि काटा त्यात बुडवला.

"घे! पी किती पितोस ते."

यंत्राची वाचाच बसली. बागेत पूर आलाय अशी त्याची खात्री पटली असावी. दुसऱ्या दिवशी माती कोरडी होती. बाईंनी पाइप उचलला आणि झाडांना असं काही झापलं की त्यांचं त्यांनाच हसू आलं. रोज ग्लास भरायचा आणि बाग आपल्या हाताने भिजवायची, असं सुरू झालं. तिकडे मुलाच्या मोबाईलवर ओलाव्याचा आकडा भरलेला, इकडे बाई खूश. फोन तेवढा आला नाही.

बाई पडल्या त्या सकाळी बाकी सगळं नेहमीसारखं होतं. पाइप धरून त्या टोमॅटोकडे वळल्या आणि वाटेत आडव्या पडलेल्या एका काळ्या नळीत त्यांचा पाय अडकला. फरशीवर आदळताना काहीतरी कडकन वाजलं. ते आपलंच हाड, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. उठायला गेल्या तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. हातातला पाइप सुटून फाटकाच्या दिशेने वाहत राहिला.

त्यांनी हाका मारल्या. गल्लीतून गाड्या जात होत्या, त्या आवाजात हाक कोणाला ऐकू जाणार? मग त्यांच्या मनात आलं, आत्ता फोन येईल. आपण उचलला नाही की त्याला कळेल, तो कोणाला तरी पाठवील. त्या कान देऊन पडून राहिल्या. घरातला फोन गप्प होता. आणि फोन येणं कधीच बंद झालंय हे आठवल्यावर, दुखत होतं त्याहून जास्त त्यांना रडू आलं. ऊन अंगावर आलं. समोर कट्ट्यावर ग्लास चमकत होता, काटा त्यात निवांत बसला होता.

आली ती शेजारची शिवणवाली. मायेने नव्हे, भांडायला. फाटकाखालून वाहिलेलं पाणी तिच्या दुकानात शिरलं होतं आणि गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाचा सत्यानाश झाला होता. त्या दोघींचं भिंतीवरून वाजलेलं जुनं होतं.

"ओ बाई! डोळे फुटले का तुमचे? पाणी काय फुकट आलंय..." असं ओरडत तिने फाटक ढकललं आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. मग ती धावली.

मुलगा मिळेल त्या गाडीने आला. तोवर इस्पितळात बाईंच्या मांडीचं हाड जोडून झालं होतं आणि शिवणवाली कॉटशेजारी बसून कोणाच्या तरी ब्लाउजची हातशिलाई करत होती. मुलगा आत आला तोच तणतणत.

"असं कसं झालं? मी सकाळी बघितलं होतं! सगळं ठीक होतं!"

"काय बघितलंस?" बाईंनी विचारलं.

"आकडा! रोज उठल्या उठल्या बघतो. ओलावा भरलेला दिसला की वाटायचं, घरी सगळं ठीक आहे. पुढे यंत्र पाणी सोडेना तरी आकडा भरलेलाच, म्हणजे तू उठून हातानेच घालतेस, हे काय मला कळत नव्हतं? म्हणून तर फोन करून तुला त्रास देत नव्हतो. त्या दिवशीही आकडा भरलेला होता, आई!"

आत्ता बाईंच्या ध्यानात आलं. म्हणजे फोन बंद झाला तो ह्यामुळे.

"काटा मातीत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "खिडकीत आहे. पाण्याच्या ग्लासात."

"ग्लासात?" त्याचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. "तू यंत्राला फसवलंस? मी इतक्या विश्वासाने रोज बघतोय आणि तू... तुझ्यामुळे मला कळलं नाही! जिवावर बेतलं असतं!"

"ओरडू नकोस!" बाई त्याच्यावर ओरडल्या. हाडातून कळ गेली तरी त्या थांबल्या नाहीत. "काटा मी काढला, चूक माझी. बस? आता तुझं ऐक. मी फरशीवर पडून तुझ्या फोनची वाट बघत होते, आणि तू रोज सकाळी एका ग्लासाची खुशाली विचारत होतास! ग्लास मजेत होता रे! त्याला काय धाड भरलीय? ही बाई माझ्याशी भांडायला आली म्हणून मी जिवंत आहे. भांडायला का होईना, फाटक उघडून आली ती!"

शिवणवालीने मान वर न करता दोरा दाताने तोडला.

मुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या हातातला मोबाईल टुणकन वाजला. त्याने सवयीने खाली पाहिलं. बाईंना पडद्यावरची अक्षरं पडल्या जागेवरून वाचता आली. बागेतला ओलावा उत्तम आहे.

"उचल," बाई म्हणाल्या. "ग्लासाचा निरोप आलाय."

त्याने मोबाईल कॉटच्या कडेला पालथा ठेवला आणि खाली बसला.

"आई," तो म्हणाला, "फार दुखतंय का गं?"

"दुखतंय," बाई म्हणाल्या. "आणि हे तू दारातून आत येताच विचारायचं होतंस."