वरच्या मजल्यावरचं गाणं

“धब्ब धब्ब, धबाधब. पुढे पुन्हा तेच,” भीमरावांनी फोनला तिसऱ्यांदा सांगितलं. गाणं ओळखून देणाऱ्या त्या फोनने तिसऱ्यांदा घरगुती पिठाची गिरणी दाखवली.

“आजोबा, ट्यून गुणगुणा ना,” नात सोनाली म्हणाली.

“चाल आमच्यापर्यंत पोचलीच नाही कधी. स्लॅब जाड आहे.”

कोथरूडच्या या सोसायटीत, त्यांच्या बरोबर डोक्यावर, अभय नावाचा गृहस्थ बावीस वर्षं राहिला. रोज दुपारी दोनला, म्हणजे ज्या वेळी पुण्यात माणूस मरायलाही संकोचतो, तो एका जुन्या इंग्रजी बँडची तबकडी लावायचा. टपालखात्यातली पहाटपाळी करून आलेले भीमराव कुंच्याच्या काठीने छताला तीन ठोके द्यायचे. शिवाय सोसायटीकडे एकतीस लेखी तक्रारी. शेवटच्या तक्रारीत म्हटलं होतं, ‘सदर आवाज संगीत असल्यास अर्जदारास तसे दाखवून द्यावे.’

गेल्या वर्षी अभय वाघोलीला गेला. वर कानात हेडफोन खुपसलेली मुलं आली. दुपार कशी शांत झाली, आणि भीमरावांची झोप गेली. गोळ्या झाल्या, पायाला तेल झालं. मग एकदा उशीवर बोटं आपोआप धब्ब धब्ब वाजवायला लागली, तेव्हा रोग कळला.

“त्यांनाच विचारा की,” पत्नी शालनबाई आतून म्हणाल्या. “एकतीस केलेत, बत्तिसावा अर्ज करा.”

दोन दिवस घुसमटून भीमरावांनी दुपारी दोनला फोन लावला.

“अभयराव, आपण या वेळी जे लावायचात—”

“काका, आता वाघोलीतनं पण ऐकू येतंय?”

“येत नाही. तीच तक्रार आहे.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग खरखर झाली, ओळखीचं धब्ब धब्ब आलं, आणि त्याच्यावर एक माणूस गायला लागला. बंद दाराशी उभं राहून, आत कुणी नाही हे माहीत असून हाक मारावी, तसा. मागोमाग गिटार. भीमरावांनी चष्मा काढला.

“हा तेव्हाही गायचा?”

“रोज.”

“मग मला कुणी सांगितलं नाही ते.”

“काका, गाण्यात बरोबर इथे तुमचे ठोके पडायचे. मी आवाज कमी करायचो. इथून पुढचं मीही धड ऐकलेलं नाही.”

“आज वाढवा.”

“वाढवलं असतं हो. पण इथे माझ्या खाली हिंमतराव राहतात, दुपारचे झोपतात.”

“राहू देत. वाढवा म्हणतो ना.”

अभयने वाढवला. गाणारा एकदम खोलीत आला. वर, अजून वर चढला.

ठक. ठक. ठक.

वाघोलीतले ते ठोके कोथरूडात स्वच्छ ऐकू आले. गाणारा बारीक बारीक होत गेला. भीमरावांनी फोन कानाशी दाबून धरला, आणि कोपऱ्यातल्या काठीकडे पाठ करून बसले.