उघाडीची फळी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कोपरची खाडी समोर आणा. पायाखाली चिखलाचा अरुंद बांध. अलीकडे मिठाचे पांढरे वाफे, पलीकडे चढत येणारं भरतीचं पाणी. या दोघांच्या मध्ये जी उभी असते, ती मी. मी उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, एक जुनी फळी आहे.

सुताराने मला ऐनाच्या लाकडातून तासलं, तेव्हा मी मोठी ऐटदार होते. मीठ पिकवणारा काळुराम मला खाचेतून वर ओढायचा, की खाडी आत यायची. आतलं तळं भरलं की मला पुन्हा खाचेत बसवायचा. आमच्या मिठागरात एक रीत होती. ज्याने उघाडी उघडली, त्याने ती लावेपर्यंत बांध सोडायचा नाही. घरून हाक आली तरी नाही.

१९५४ साल होतं. शिमगा नुकताच सरला होता. वाफ्यांत हंगामभराचं मीठ पिकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते ओढून गोळा करायचं होतं. काळुरामने मला काढून बांधावर ठेवलं, तेवढ्यात डोंबिवलीचा श्रीपाद आला. तो मुंबईला प्रयोगशाळेत कामाला होता. सुट्टीला खाडीवर फिरायला यायचा. हातात वर्तमानपत्र होतं.

"दादा, अमेरिकेने समुद्रात बाँब उडवला. बनवणाऱ्यांच्या अंदाजाहून कितीतरी मोठा निघाला. लांबच्या जपानी मच्छीमारांवर राख पडली. माणसं आजारी आहेत."

"ती राख आपले खाडीत येल का?" काळुरामने विचारलं.

श्रीपाद वाऱ्याची दिशा सांगू लागला. ऊन फार होतं. दोघे बोलत बोलत झोपडीच्या सावलीत गेले आणि मी बांधावर तळमळत राहिले. पाणी चढत होतं. मला पाय नव्हते.

"येवढा मोठा देश, आन् त्याला राख आवरली नाय?"

"वाऱ्याला कोण हुकूम करणार? आणि आम्ही नुसता शोध लावतो दादा. वापरायचं ते सरकार बघतं."

काळुरामची बायको आवडाबाई भाकरी घेऊन आली. "बांधावर कोन हाय? का खाडीलाच राखणीला बसवलीत?"

सगळे धावले. उधाणाची भरती होती ती. काळुरामने मला खाचेत रेटलं, श्रीपादनेही खांदा लावला. पाण्याने मला परत भिरकावलं. तळं भरलं, पाणी वाफ्यांत शिरलं आणि मीठ बघता बघता विरघळून गेलं.

"उघडली कुनी?" आवडाबाईने विचारलं.

"मीच," काळुराम म्हणाला. त्याने ना श्रीपादचं नाव घेतलं, ना उधाणाचं.

त्यांची धाकटी लेक शालू गुडघाभर पाण्यात उभी होती. "काका, त्या बाँबवाल्यांचं बांधावर कोन होतं?"

"कोणी असतं तरी लावता आलं नसतं गं," श्रीपाद म्हणाला.

"मंग ते उघडायच्या आधीच नको सांगायला?"

श्रीपादने वर्तमानपत्राची घडी घातली. ती त्याला नीट जमेना.

मित्रांनो, आता मी पोखरले आहे. माझ्या जागी नवी फळी आली आहे. तिला खुशाल उघडा. पण हात लावण्याआधी मागे वळून वाफ्यांकडे बघा, आणि उघडलीत तर तिथून हलू नका.

त्या संध्याकाळी ओहोटी लागल्यावर काळुरामने मला खाचेत बसवलं. शालू बांधावर माझ्याजवळ येऊन बसली. श्रीपाद स्टेशनाकडे निघाला होता, पण चार पावलं जाऊन थांबला. शालू जराशी सरकली आणि तिने त्याच्यापुरती जागा केली.