बेबाकीचा दाखला

फाल्गुन उतरणीला लागला होता आणि सांगलीच्या पेठेत हळद आली होती. गाड्यांवर हळद, पोत्यांवर हळद, हमालांच्या भुवयांवर हळद; भिंतींच्या खडबडीत अंगावर, उन्हाच्या पापणीवर हळद. हरिद्रावर्ण, कांचनधूसर, उग्रगंधी अशी ती धूळ सकाळी वर चढे, दुपारभर अधांतरी राही आणि सायंकाळी शहराच्या खांद्यावर हलकेच उतरे.

त्या पिवळ्या उजेडातून एक वृद्ध गृहस्थ रोज चालत जात. भूपाल आवटी त्यांचं नाव. चाळीस वर्षं त्यांनी याच पेठेत हळद तोलली होती. काटा सुटला होता, पेठ सुटली नव्हती. एक फेरी मारून, ओळखीच्या चार माणसांना नुसती मान हलवून, ते विश्रामबागेत परतत. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात.

त्या घरात त्यांची सून राहत होती, त्रिशला. त्यांचा मुलगा सन्मती आता तिथे राहत नव्हता.

आश्विनात सन्मतीला ताप आला होता. पाच दिवस तो ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. सहाव्या दिवशी उतरला, तो त्याचा प्राण घेऊनच. छत्तीस वर्षांचा देह, नुकत्याच कापलेल्या केसांचा, पांढऱ्या चादरीखाली असा स्थिर झाला, जणू कुणी त्याला हाक मारली होती आणि तो ऐकत होता.

मग माणसं आली, माणसं गेली. बस्तीत, जैन मंदिरात, पाठ झाले. दिवाळी शेजारच्या दारांपर्यंत आली आणि त्यांच्या दाराशी पावलं न वाजवता पुढे गेली. सासूबाई कधीच निवर्तल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. उरली दोनच माणसं, आणि ती दोन माणसं एकमेकांशी अतिशय जपून वागू लागली.

भूपालअण्णा सूर्यास्तानंतर अन्न घेत नसत. म्हणून त्रिशला दवाखान्यातून साडेपाचला लगबगीनं येई, भाकरी टाके, आणि मावळतीचं ऊन खिडकीच्या गजांतून फरशीवर ताम्रवर्णी पट्टे ओढत असताना दोघं जेवत. दोन ताटं. दोन तांबे. मधली जागा रिकामी ठेवायची असं कुणी ठरवलं नव्हतं. ती रिकामी राही.

त्रिशला दवाखान्यात लोकांचे सांधे मोकळे करी. गोठलेले खांदे, रुसलेले गुडघे, पडून राहून लाकूड झालेल्या कमरा तिच्या तळव्यांखाली हळूहळू माणसाळत. याच विद्येत पुढे शिकायला तिला बेळगावला जायचं होतं. जागाही मिळाली होती, लग्नाच्या वर्षी. मग घर घेतलं, वीस वर्षांच्या कर्जावर, दोघांच्या सह्यांनी. आणि बेळगाव मागे पडलं.

सन्मतीनं ते मागे पडू दिलं नव्हतं. दर वर्षी बोनस आला की तो बँकेत जाई आणि हप्त्याखेरीज काही रक्कम भरून येई. "वीस वर्षांचं दहात उडवायचं," तो भाकरीचा घास तोंडात ठेवून म्हणे, "आणि हप्ता संपला की तू बेळगावला." असं सात वर्षं म्हणाला. आठव्या वर्षी म्हणायला तो नव्हता.

पण पाच तारीख होती. कार्तिकाची पाच, मार्गशीर्षाची पाच असा हिशेब तिला ठाऊक नव्हता. तिला इंग्रजी महिन्याची पाच ठाऊक होती. त्या दिवशी त्रिशलाच्या पगारातला मोठा लचका निघून जाई, निःशब्द, निर्विकार. कर्जाच्या कागदावर आता एकच जिवंत नाव होतं. ते नाव हप्ता भरत होतं. अजून आठ वर्षं भरायचं होतं.

माघात एक पाकीट आलं. अण्णा बाहेर गेले होते. पाकिटावर सन्मतीचं नाव दिसलं, म्हणून तिनं ते फोडलं. सन्मतीला नोकरी लागली तेव्हा, लग्नाच्या कितीतरी आधी, त्यानं एक विमा उतरवला होता. वारस म्हणून वडिलांचं नाव दिलं होतं आणि बदलायचं राहून गेलं होतं. बारा लाखांचा दावा मंजूर होऊन रक्कम श्री. भूपाल आवटी यांच्या खात्यात जमा झाल्याचं त्या कागदावर लिहिलं होतं. तारीख आठवड्यापूर्वीची होती.

तिनं कागद पाकिटात घातला आणि पाकीट त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवलं.

त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. जयसिंगपूरहून तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा तिच्या तोंडून ते निघून गेलं. "नाव त्यांचं, म्हणजे पैसा त्यांचा," भाऊ म्हणाला. "तू हप्ते भरत बस. आणि उद्या त्यांनी घराबाहेर काढलं तर?" तिनं फोन ठेवला. शंका तिची नव्हती. भावानं दिली होती. पण दिलेल्या वस्तूही घरात जागा करतात.

पाच आठवडे गेले. दोन ताटं मांडली गेली, दोन ताटं उचलली गेली. पाच तारीख आली, गेली. शेवग्याला फुलं आली, शेंगा लोंबल्या. घरात एक मौन होतं, मेणासारखं मऊ; त्यावर कुणाचंही बोट उमटलं असतं, म्हणून कुणी हात लावत नव्हतं.

चैत्रातल्या एका सायंकाळी अण्णांनी ताटावरचा हात थांबवला.

"उद्या दवाखान्यात सुट्टी सांग. अकराला बँकेत जायचंय."

"कशाला?"

"कर्ज फेडून टाकू. सगळं."

तिच्या हातातला तांबा जरा जोरात खाली टेकला. "पैसे आले ते मला ठाऊक आहे, अण्णा. कागद मी वाचलाय. महिना उलटून गेला. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत."

ते बराच वेळ ताटाकडे पाहत राहिले. तोलणाऱ्या माणसाची ती नजर होती, काट्याची हालचाल थांबेपर्यंत न हलणारी.

"सांगणार कसं, पोरी? पैसे आले, असं म्हणायचं. रोज म्हणायला बसायचो. पण ते म्हटलं की पुढचं आपोआप आलं ना. कशाचे आले, ते." त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. "आमच्या पेठेत माल दिल्यावर पैसे येतात. मी काय दिलं?"

ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं.

"बारा लाखांत भागत नव्हतं," ते पुढे म्हणाले, "म्हणून माझी ठेव मोडली. त्यात दिवस गेले. सन्मती म्हणायचा, हप्ता संपला की हिला बेळगावला धाडायचं. मला सांगायचा, तुला सांगायच्या आधी."

त्रिशलानं मान वर केली. तिच्या आवाजाला धार होती, आणि त्या धारेखाली भय. "म्हणजे घर फेडून मला मोकळं करायचं. मी जावं, असंच ना?"

"जा म्हणत नाही मी," अण्णा म्हणाले. "थांब असंही म्हणत नाही. पण थांबलीस तर हप्त्यासाठी थांबू नकोस. ते मला बघवत नाही."

सूर्य बुडत होता. त्यांनी उरलेली भाकरी घाईघाईनं संपवली, जणू शब्दांमुळे चुकलेली वेळ त्यांना घासांनी गाठायची होती. तिनं त्यांच्या ताटात न विचारता आमटी वाढली.

बँकेत पंखे मंदगतीनं फिरत होते. काउंटरपलीकडच्या तरुण बाईंनी संगणकावर खातं उघडलं. "मुदतीच्या फार आधी फेडताय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "दुसरे कर्जदार आले नाहीत का?"

"ते नाहीत," त्रिशला म्हणाली.

बाईंनी एकदा तिच्या कपाळाकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. रक्कम वळती झाली. पडद्यावरचा दीर्घ, दुर्धर आकडा एका क्षणात शून्य झाला. शून्याला काही आवाज नव्हता.

पंधरवड्यानं बँकेत कागद हाती आले. वर कर्ज पुरतं फिटल्याचा, बेबाकीचा दाखला, कोरा करकरीत, गोल शिक्क्याचा. खाली इतकी वर्षं बँकेच्या तिजोरीत राहिलेलं मूळ खरेदीखत. तपासून सही करा, असं सांगितलं म्हणून त्रिशला उभ्या उभ्या पानं उलटू लागली.

प्रत्येक पानाच्या तळाशी दोन सह्या होत्या. एक तिची, सरळ, आखडलेली. एक सन्मतीची, निळ्या शाईतली, शेवटच्या अक्षराची वेलांटी लांबवून शेजारच्या सहीवर छत्र धरणारी. दुसऱ्या पानावर तीच वेलांटी. तिसऱ्या पानावर तीच. नवव्या पानावर तो कंटाळला होता, अक्षरं धावत होती. सतराव्या पानावर पेन अडकलं होतं आणि तिथं शाईचा एक ठिपका साकळला होता. त्या ठिपक्यावरून दोघं तेव्हा हसले होते. एकतीस पानं. एकतीस वेळा तो होता, नीलाक्षर, उत्सुक, घाईत.

आश्विनापासून न रडलेली त्रिशला सतराव्या पानाशी रडली.

अण्णा वळले आणि तिच्याकडे पाठ करून, मागच्या रांगेकडे तोंड करून, धोतराचा सोगा सावरत उभे राहिले. रुंद, वाकलेली, चाळीस वर्षं पोत्यांच्या सहवासात घडलेली ती पाठ एखाद्या दारासारखी तिच्या आणि जगाच्या मध्ये बंद झाली. रांगेतला एक माणूस चुळबुळला. "जरा थांबा," अण्णा म्हणाले. तिचं होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.

ती लगेच गेली नाही. वैशाख तिनं पुस्तकांत घालवला, ज्येष्ठात परीक्षा दिली. श्रावणात बेळगावहून बोलावणं आलं. पेटी भरताना ती म्हणाली, "घराकडे लक्ष असू द्या, अण्णा." "माझंच घर आहे," ते म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो हे उमगून थबकले. ती हसली. "तेच म्हणतेय मी."

आता रोज सायंकाळी पाच वाजता तिथून फोन येई.

"जेवलात?"

"बसतोय. ऊन आहे अजून. तू?"

"मला उशीर आहे."

एवढंच. कधी भाजीचं नाव, कधी पाण्याच्या टाकीची तक्रार. सन्मतीचं नाव आलं तर ते सहज येई, सहज जाई. ज्या दिवशी येत नसे, त्या दिवशीही ते दोघांच्या मध्ये असे, शांत, अल्पभाषी.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, दाट धुक्यानं वेढलेल्या बेळगावच्या रुग्णालयात, त्रिशलासमोर एक विणकर म्हातारी बसली होती. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिची उजवी मूठ मिटली होती, ती तीन महिने उघडली नव्हती. त्रिशलानं ती मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली. ओढली नाही, ताणली नाही. नुसती ऊब दिली, आणि मनगट हळूहळू वाकवत राहिली. बाहेर धुकं विरळ होत होतं. करंगळी हलली. मग अनामिका. मग, फार वेळानं, मधलं बोट. आणि मग एकेक करत सारी बोटं सैल झाली, सुरकुतलेला, फिकट, ओलसर असा तो तळवा उघडा पडला, आणि खिडकीतून आलेलं कोवळं ऊन त्यात अलगद साठत गेलं.