अर्धा सूर वर

तिसरं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि कीबोर्डवर फडका फिरवताना मास्तरांची नजर छोट्या पडद्यावरच्या आकड्यावर गेली. अधिक एक. सगळी पट्टी अर्ध्या सुराने वर नेणारं बटण कार्यक्रमाआधीच्या पुसापुशीत दाबलं गेलं असावं. म्हणजे तिन्ही गाणी अर्धा सूर वर वाजली होती आणि त्यांच्या कानाला पत्ता नव्हता.

त्यांनी आकडा शून्यावर आणला. शेजारी माइक बंद करून बहीण पाणी पीत होती. ती त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. दर रविवारी दुपारी या हॉटेलात लोक जेवायचे, ती गायची, ते वाजवायचे.

“काळी चारची पट्टी सोडून पांढरी सहात गायलीस तू,” ते म्हणाले. “बोलली का नाहीस?”

“जमलं ना.”

“वरचा सूर ताणावा लागला असेल.”

“थोडा.”

त्यांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

तिने बाटलीचं झाकण सावकाश लावलं. “वर्ष होईल. म्हणून तर तुझ्या डाव्या बाजूला उभी राहते. उजव्या कानाने तुला काहीच ऐकू येत नाही ना?”

पंख्याचा वारा घशाला लागतो, असं सांगून तिने जागा बदलली होती. त्यांना ते खरं वाटलं होतं.

“आणि लोकांच्या लक्षात आलंय?”

“लोक खूश आहेत, दादा. पूर्वी तू मान खाली घालून वाजवायचास. मी गाता गाता तुझंच ऐकत राहायचे, आणि लोक आपले जेवायचे. आता अंदाज घ्यायला तू त्यांच्या तोंडाकडे बघतोस. त्यांना वाटतं, तू त्यांच्यासाठी वाजवतोयस.”

टेबलांमधून वाट काढत व्यवस्थापक आला.

“मास्तर, हल्ली काय जान आलीय तुमच्यात. शनिवारची दुपारही घ्या. आणि ते टाळ्यांचं गाणं विसरू नका, लोक विचारतायत.”

“बघू,” मास्तर म्हणाले. तो त्यांचा खांदा थोपटून गेला.

बहिणीने माइक उचलला. त्यांनी तिला हाताने थांबवलं, कीबोर्डवरचा ठेका बंद केला आणि एकटेच वाजवू लागले. ती संथ धून त्यांनी तरुणपणी स्वतः बांधली होती; शब्द नव्हते तिला. खालचे सूर दूरच्या खोलीतून आल्यासारखे येत होते. वरच्या पट्ट्यांची मात्र नुसती टकटक बोटांखाली जाणवत होती. बोटांना वाट पाठ होती, त्या भरवशावर ते चालत राहिले. समोर चमचे हलत होते. एका बाईने घड्याळ पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावरची माणसं त्यांच्याकडे पाठ करून बोलू लागली.

बहीण स्टुलावर बसून मांडीवर बोटांनी ताल धरत होती. मध्येच एका जागी तिची बोटं थांबली. डोळे मिटले गेले. मग पुन्हा ताल सुरू झाला.

धून संपली. एक-दोन टाळ्या वाजल्या, विरल्या. मास्तर तिच्याकडे वळले.

“कुठे चुकलं?”

“कुठेच नाही.”

“नीट सांग.”

“छान वाजवलंस, दादा.”

ती सात वर्षांची असताना त्यांनीच तिला गाणं शिकवायला घेतलं होतं. एक सूर हलला तरी ते तिला उठू देत नसत. एकदा एकाच ओळीपायी तिची अख्खी संध्याकाळ गेली. ती रडायला लागली तेव्हा आई मध्ये पडली होती. ‘तिला उगाच छान म्हणू नकोस,’ असं त्यांनी आईला बजावलं होतं. त्यानंतर त्या घरात कुणी कुणाला उगाच छान म्हटलं नव्हतं.

ते थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान डोलावली, ठेक्याचं बटण दाबलं आणि स्वतःसमोरचा माइक जवळ ओढला.

“चला मंडळी, टाळ्यांसाठी हात वर करा.”

हात वर झाले. मास्तर समोरच्या टेबलाकडे बघून हसले, मग पलीकडच्या, मग कोपऱ्यातल्या. गाणं संपेपर्यंत ते एकेका चेहऱ्याकडे बघून हसत राहिले. डावीकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.